ओटीपी आला का?

मागच्या रविवारी फोनमधले मेसेज साफ करायला बसलो आणि सहज म्हणून मोजले. सात दिवसांत एकतीस ओटीपी! बँक, दुसरी बँक, शेअर ब्रोकर, आयकर, गॅस सिलिंडर, दोन कुरिअर, रेल्वेचं तत्काळ तिकीट... यादी मोठी आहे, कंटाळा येईल. मजा पुढेच आहे. या एकतीसातले माझे स्वतःचे फक्त अठरा. बाकीचे आईचे, आजीचे, आत्याचे, आणि एक तर आमच्या शेजारच्या तात्यांचा. त्यांनी कुठल्या तरी फॉर्मवर स्वतःच्या नंबराऐवजी माझा नंबर देऊन टाकलाय. का, तर "तू पुण्यात असतोस, तुझ्या फोनला कायम रेंज असती."

हे वाक्य लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

आता मी पडलो सॉफ्टवेअरवाला. लॉगिनचं पान बनवणाऱ्यांच्या टोळीतलाच. त्यामुळे आधीच सांगून टाकतो: दोन पायऱ्यांच्या लॉगिनची सक्ती हवी, असंच माझं मत आहे. ऐच्छिक बिच्छिक काही नाही, सक्तीच. "वैताग येतो म्हणून बंद करा" म्हणणाऱ्या मित्रांशी ऑफिसच्या कँटीनमध्ये मी बरेच वाद घातलेत. पण त्याच वेळी ही सक्ती ज्या पद्धतीने आपल्या डोक्यावर आणून ठेवलीय, ती पाहून वैताग येतो तो वेगळाच. शनिवारी लोकल पकडून कान्हे स्टेशनला उतरलो आणि टाकव्याला घरी पोचलो, की तो वैताग दुप्पट होतो.

आधी सक्तीची बाजू.

बँकेच्या लॉकरला दोन किल्ल्या असतात. एक आपली, एक बँकेची. दोन्ही लागल्याशिवाय लॉकर उघडत नाही, आणि याबद्दल आजवर कोणी तक्रार केल्याचं ऐकलं नाही. दुहेरी पडताळणी म्हणजे हेच. एक गोष्ट तुम्हाला माहीत असलेली (पासवर्ड), दुसरी तुमच्याजवळ असलेली (फोन, कार्ड), किंवा मग तुमच्या अंगाचीच (बोटाचा ठसा, चेहरा). यातल्या दोन वेगवेगळ्या जातीच्या गोष्टी पटल्या पाहिजेत. वेगवेगळ्या जातीच्या, हे महत्त्वाचं. पासवर्ड आणि वर "तुमच्या पहिल्या शाळेचं नाव काय" हे दोन घटक नव्हेत, एकाच जातीचे दोन पासवर्ड आहेत. आणि तुमच्या पहिल्या शाळेचं नाव गावातल्या प्रत्येकाला माहीत असतं.

पासवर्ड एकटा का पुरत नाही? कारण आपण माणसं आहोत. नाव, जन्मसाल आणि मध्ये ते ॲट द रेटचं चिन्ह, की झाला पासवर्ड तयार. तोच ईमेलला, तोच सगळीकडे. २०१२ साली लिंक्डइनचे पासवर्ड चोरीला गेले, आणि २०१६ मध्ये कळलं की आकडा अकरा कोटींच्या वर आहे. याहूचं २०१३ चं प्रकरण तर त्याच्या वरचं. सगळीच्या सगळी, म्हणजे सुमारे ३०० कोटी खाती. आणि हे त्यांनी पूर्णपणे कबूल केलं २०१७ मध्ये. चोराला फोडाफोडी करावीच लागत नाही. एकीकडून मिळालेली यादी घ्यायची आणि दुसऱ्या हजार साइटवर यंत्राकडून एकेक लावून बघायची. काही ना काही उघडतंच.

"मग ज्याला हवं त्यानं लावावं की, सक्ती कशाला?" हा कँटीनमधला ठरलेला प्रश्न. पुणेकरांना मी एकच शब्द ऐकवतो: हेल्मेट. पुढे बोलायची गरज पडत नाही. :-)

आणि हे नुसतं तोंडाचं नाही. गुगलने २०२१ मध्ये १५ कोटींहून जास्त लोकांच्या खात्यांना न विचारता दुसरी पायरी लावून टाकली. त्या खात्यांमध्ये परक्याच्या हाती खातं जाण्याचं प्रमाण निम्म्यावर आलं, असं त्यांनीच पुढे सांगितलं. त्याआधी २०१९ मध्ये त्यांनी आणखी एक हिशेब मांडला होता. साध्या एसएमएस कोडनेसुद्धा यंत्राने केलेले हल्ले १०० टक्के अडतात, घाऊक फसवणुकीचे ९६ टक्के, आणि एखाद्याला नेमकं हेरून केलेले ७६ टक्के. म्हणजे ज्या एसएमएसला आम्ही आयटीवाले नावं ठेवतो, तोही काही अगदीच फुसका नाही. आमच्या धंद्यात गिटहबनेही २०२३ मध्ये कोड टाकणाऱ्या सगळ्यांना हे बंधनकारक केलं. थोडी कुरकुर झाली, मग सगळे गप्प.

आपला देश तर यात जगाच्या पुढे होता हे बऱ्याच जणांना माहीत नसतं. रिझर्व्ह बँकेने १ ऑगस्ट २००९ पासून कार्डाने ऑनलाइन पैसे भरताना जादा पडताळणी सक्तीची केली. मी तेव्हा शाळेत होतो. सुरुवातीला ही जादा पडताळणी म्हणजे बहुतेक ठिकाणी आणखी एक पासवर्डच होता (वरचा जातीचा मुद्दा आठवा), एसएमएसवरचा ओटीपी नंतर रुळला. अमेरिकेतल्या कंपन्यांना हे पचायला जड गेलं. उबर इथे आली तेव्हा परदेशातून कार्ड वापरून ही पायरी चुकवत होती. २०१४ च्या ऑगस्टमध्ये रिझर्व्ह बँकेने ते बंद करायला सांगितलं आणि उबरला पेटीएमचं पाकीट धरावं लागलं. तेव्हा अनेकांनी रिझर्व्ह बँकेला मागासलेली ठरवलं होतं. आज अमेरिकेतला माझा मित्र सांगतो, की तिथे कार्डावरचे आकडे आणि मागचा तीन अंकी नंबर दिला की बऱ्याच दुकानांत पैसे कटतात. मला तर ऐकूनच घाम फुटतो.

झाली सक्तीची बाजू. आता टाकवे.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी: जुन्या हायवेवर कान्हे फाट्यावरून आत वळलं की टाकवे बुद्रुक, आणि टाकव्यापासून पुढे आंदर मावळ. भोयरे, वडेश्वर, नागाथली, सावळे, खांडी अशी गावं डोंगराच्या कुशीत बसलेली. मध्ये ठोकळवाडी धरणाचं पाणी. टाटांनी याच खोऱ्याच्या पाण्यावर १९२२ साली भिवपुरीला वीज काढून मुंबईला दिली. शंभर वर्षं झाली त्याला. आणि त्याच खोऱ्यात आज फोन घेऊन माणूस घराच्या पत्र्यावर चढतो, का, तर ओटीपी यावा म्हणून. टाकव्यात तसं बरं आहे, पण जसजसं आत जाल तसतशी मोबाईलच्या डोक्यावरची काडी एकेक करून गळत जाते. जुलैच्या पावसात लाइट गेली की मग विचारूच नका.

आणि दुसरं असं, की कान्हे-टाकवे पट्ट्यात कारखाने आहेत, छोटी वर्कशॉप आहेत. त्यातलंच एक आमच्या चुलत काकांचं. सहा-सात मशिनं, दहा-बारा कामगार, गाड्यांचे सुटे भाग. माल बाहेर पाठवायचा तर ई-वे बिल लागतं, आणि परराज्यात पन्नास हजारांच्या वरचा माल त्याशिवाय रस्त्यावर काढता येत नाही. या ई-वे बिलाच्या साइटवर दोन पायऱ्यांचं लॉगिन टप्प्याटप्प्याने सक्तीचं झालं. २०२३ मध्ये शंभर कोटींच्या वरच्या उलाढालीवाल्यांना, १ जानेवारी २०२५ पासून वीस कोटींच्या वरच्यांना, १ फेब्रुवारीपासून पाच कोटींच्या, आणि १ एप्रिल २०२५ पासून सरसकट सगळ्यांना. म्हणजे काकांनाही.

त्या मे महिन्यातली गोष्ट. होसूरला जायचा ट्रक भरून उभा. काका खांडीकडे कुणाच्या तरी साखरपुड्याला गेलेले. हिशेब बघणारा पोरगा कॉम्प्युटरसमोर बसलाय, युजरनेम टाकलं, पासवर्ड टाकला, ओटीपी गेला काकांच्या फोनवर, आणि काकांचा फोन "संपर्क क्षेत्राच्या बाहेर". पाच वाजता निघायचा ट्रक रात्री नऊला निघाला. ड्रायव्हरने तोवर चार चहा आणि कामगारांच्या सात पिढ्यांचा उद्धार केला. शनिवारी मी गेलो तर काका तयारच होते.

"काय रे इंजिनियर, हे काय काढलंय तुमच्या लोकांनी? माझा माल, माझा ट्रक, आणि मला माझ्याच खात्यात जायला परवानगी?"

"काका, परवानगी नाही हो, तुमच्या नावावर दुसरा कोणी खोटी बिलं काढू नये म्हणून आहे ते."

"माझ्या नावावर कोण काढतंय?"

हा प्रश्न भोळा वाटतो, पण खोट्या जीएसटी बिलांचा धंदा देशभर किती चालतो हे पेपर वाचणाऱ्याला सांगायला नको. पासवर्ड सल्लागाराच्या ऑफिसात भिंतीवर चिकटवलेला असतो, तिथल्या पोरांना पाठ असतो. ज्याच्या नावावर बिल फाडलं जातं त्याला पत्ताच नसतो, नोटीस मात्र त्याला येते. तेव्हा सक्ती बरोबरच आहे. मी काकांना तेच सांगितलं. त्यांना पटलं नाही, पण त्यांनी चहा मागवला.

पण माझा खरा संताप वेगळा आहे. मी त्या साइटवर जाऊन नीट वाचलं, तर यावरचा उपाय तिथे पहिल्या दिवसापासून दिलेला होता. एक तर हिशेबाच्या पोराच्या नावाने वेगळा उपयोगकर्ता तयार करून त्याला त्याचा स्वतःचा नंबर जोडता येतो. काकांच्या फोनचा संबंधच नाही. दुसरं म्हणजे ओटीपी मिळवायचे तीन मार्ग दिलेत: एसएमएस, सरकारचंच 'संदेस' ॲप, आणि 'एनआयसी-जीएसटी-शील्ड' नावाचं एक ॲप. हे तिसरं ॲप फोनमध्येच कोड तयार करतं. रेंज नको, इंटरनेट नको. दर तीस सेकंदांनी नवा कोड. सरकारी साइटवर, स्पष्ट शब्दांत! पट्ट्यातल्या आठ-दहा वर्कशॉपवाल्यांना मी विचारलं. एकालाही ठाऊक नाही. सगळ्यांना सल्लागाराने एवढंच सांगितलेलं: "फोनवर नंबर येईल, तो मला सांगा."

हे रेंजशिवाय कसं चालतं, असं काकांनी विचारलं, तेव्हा मी पंचांगाचं उदाहरण दिलं. आपल्या घरी आणि लोणावळ्याच्या आत्याच्या घरी एकच पंचांग आहे. आज तिथी कोणती हे कळायला आत्याला फोन लावावा लागतो का? नाही. दोघांनी आपापलं पान उघडलं की उत्तर एकच येतं. या ॲपांचंही तसंच. सुरुवातीला एकदा चौकोनी ठिपक्यांचं चित्र स्कॅन करता ना, तेव्हा एक गुप्त किल्ली फोनमध्ये आणि सर्व्हरवर दोन्हीकडे ठेवली जाते. ते तुमचं खास पंचांग, जगात तिसऱ्या कुणाकडे नाही. मग घड्याळ बघायचं, १ जानेवारी १९७० पासून किती सेकंद झाले ते मोजायचं (आमच्या धंद्यात शककर्ता तोच!), त्याला तीसने भागायचं, आलेला आकडा आणि किल्ली मिळून एका गणितातून फिरवायचे आणि शेवटचे सहा अंक दाखवायचे. दोन्हीकडे उत्तर तेच येणार. फक्त फोनचं घड्याळ बरोबर हवं. २०११ पासून याचं मानक सगळ्यांसाठी खुलं आहे, ज्याला हवं त्याने ॲप बनवावं. फोन विमान मोडवर टाकून बघा, कोड येत राहतो. खांडीतही येतो, पत्र्यावर न चढता.

आणि तरीही आपल्याकडच्या दहातल्या नऊ साइट मला एसएमएसच घ्या म्हणतात. माझी स्वतःची एक बँक (नाव सोडा) तर दुसरा पर्यायच देत नाही. मोठ्या साइटनी पैसे वाचवायला हे केलं असतं तर समजलं असतं, पण एसएमएसला उलट पैसे पडतात! अमेरिकेच्या मानक ठरवणाऱ्या संस्थेने, एनआयएसटीने, २०१७ मध्येच एसएमएसला "जपून वापरा"च्या खान्यात टाकलं. कारण मोबाईल नंबर मुळात तुमचा नसतोच. तो भाड्याचा असतो. कुणीतरी खोटी कागदपत्रं दाखवून तुमच्या नंबराचं दुसरं सिम काढलं की ओटीपी त्याच्याकडे. रिचार्ज थकला, नंबर बंद पडला, तर काही महिन्यांनी तोच नंबर दुसऱ्याला. २०२३ मध्ये ट्रायने सुप्रीम कोर्टात सांगितलं की बंद पडलेला नंबर किमान नव्वद दिवस दुसऱ्या कुणाला देत नाहीत. नव्वद दिवस! आपल्या गावाकडे लोक शेतीच्या दिवसांत फोन कपाटात ठेवून देतात, त्यांना विचारा नव्वद दिवस म्हणजे किती ते.

माझा एक आतेभाऊ नेदरलँडला आहे. भारतातलं खातं, एलआयसी, फंड, सगळं इथल्या नंबरावर. ते सिम तळेगावला आत्याकडे एका जुन्या बटणांच्या फोनमध्ये घालून ठेवलंय, आणि फक्त ते जिवंत राहावं म्हणून दर महिन्याला रिचार्ज. हा तिकडे रात्री नऊला जेवून कॉम्प्युटर उघडतो तेव्हा इथे साडेबारा वाजलेले असतात. आणि मग व्हॉट्सॲपवर फोन: "आई, ओटीपी आला का?" आत्या चष्मा शोधते, फोन शोधते, अंक वाचते. तोवर वेळ संपते. मग दुसरा. एवढ्या वर्षांत या माउलीने मुलाशी प्रेमाच्या गप्पा मारल्या असतील त्याहून जास्त आकडे वाचून दाखवले असतील.

इथे मी दुसऱ्या, जास्त गंभीर दुखण्यावर येतो. आपण ओटीपी ही वाचून दाखवायची गोष्ट करून टाकलीय.

बँक सांगते, ओटीपी कुणालाही सांगू नका. बरोबर. पण गॅसवाला दारात उभा राहून म्हणतो, ताई ओटीपी सांगा. (२०२० पासून सिलिंडरसाठी हा कोड सुरू झाला, काळाबाजार थांबावा म्हणून. हेतू चांगलाच आहे.) कुरिअरवाला म्हणतो ओटीपी सांगा. रिक्षावाला, कॅबवाला म्हणतो ओटीपी सांगा. सेवा केंद्रातला पोरगा म्हणतो, आजी ओटीपी सांगा. दिवसातून चार वेळा चार भले लोक ओटीपी मागतात आणि आपण देतो. मग पाचवा फोन येतो, "बँकेतून बोलतोय", आणि तोही तेच मागतो. माझ्या आजीला मी एकदा अर्धा तास समजावलं की ओटीपी सांगायचा नसतो. तिने शांतपणे ऐकून घेतलं आणि विचारलं, "सांगायचा नसतो, तर मग येतो कशाला?"

माझ्याकडे उत्तर नव्हतं. कारण तिच्या बाजूने ते तर्कशुद्ध आहे. तिच्यापर्यंत आलेला प्रत्येक ओटीपी कुणाला तरी सांगण्यासाठीच आलेला असतो. चूक तिची नाही, चूक एकाच नावाने दोन उलट गोष्टी चालवणाऱ्या आमच्यासारख्यांची आहे. माल हातात मिळाल्याची खूण वेगळी आणि तिजोरीची किल्ली वेगळी. पहिलीला खुशाल 'पोच क्रमांक' म्हणा, 'पावती नंबर' म्हणा, रंग वेगळा द्या, अंक चारच ठेवा. पण दोन्हीला ओटीपी म्हणू नका. आणि मेसेज? कोड सगळ्यात आधी, मोठा. पैसे किती जाणार, कुणाला जाणार हे मागे कुठेतरी, इंग्रजीत. खरं तर उलटं हवं: "अमक्याला २४,००० रुपये द्यायचे आहेत का?" हे मराठीत आधी, कोड नंतर. आजीने तो एक शब्द वाचला तरी थबकेल ती.

सगळा दोष साध्यासुध्या लोकांचा, असंही समजू नका. २०२२ च्या सप्टेंबरमध्ये उबरमध्येच चोर शिरला तो कसा? कंत्राटी कर्मचाऱ्याचा पासवर्ड त्याच्याकडे होता. मग तो त्याच्या फोनवर "लॉगिन करताय का? होय/नाही" अशा सूचना पाठवत राहिला, पाठवत राहिला, आणि वर व्हॉट्सॲपवर "मी आयटीवाला, होय दाबा" असं सांगितलं. त्याने दाबलं. हा काही आंदर मावळातला म्हातारा नव्हता.

आणि पुण्याचंच उदाहरण घ्यायचं तर कॉसमॉस बँक. ११ ऑगस्ट २०१८, शनिवार. २८ देशांतल्या एटीएममधून काही तासांत पैसे निघाले, मग १३ तारखेला हाँगकाँगच्या बँकेत स्विफ्टने १३ कोटी ९२ लाख गेले. सगळे मिळून ९४ कोटी ४२ लाख. एटीएम म्हणजे खरं तर दुहेरी पडताळणीचं सगळ्यात जुनं उदाहरण, कार्ड तुमच्या हातात आणि पिन डोक्यात. पण इथे चोरांनी ग्राहकाचं ना कार्ड चोरलं ना पिन विचारला. त्यांनी पडताळणी करणाऱ्यालाच बदललं. बँकेच्या यंत्रणेत खोटा स्विच बसवला, आणि तो येणाऱ्या प्रत्येक मागणीला "होय, बरोबर आहे" म्हणत राहिला. २०२३ मध्ये पुण्याच्या कोर्टाने यात अकरा जणांना शिक्षा दिली, ती मुख्यतः पैसे काढणाऱ्यांना. मी हे अशासाठी सांगतोय, की ग्राहकाला दहा पायऱ्या चढायला लावून बँकेने मागचं दार उघडं ठेवलं तर त्या पायऱ्यांचा उपयोग काय? दुसरा घटक ग्राहकाकडून मागायचा तसा तो आतल्या ॲडमिनकडूनही मागायला हवा, आणि आधी त्याच्याकडून.

म्हणून रिझर्व्ह बँकेचे २०२५ च्या सप्टेंबरमधले नवे निर्देश मला आवडले. १ एप्रिल २०२६ ही त्यांची अंमलाची तारीख. दोन घटक हवेतच, त्यातला किमान एक दर व्यवहाराला नवा हवा, पण तो एसएमएसच हवा असं कुठेही नाही. एसएमएस बंदही नाही. आणि मला सगळ्यात जास्त आवडलेलं कलम: हे निर्देश न पाळता झालेल्या व्यवहारात नुकसान झालं तर बँकेने ग्राहकाला ते कुरकुर न करता पूर्ण भरून द्यायचं. जबाबदारी आली की पर्याय आपोआप सुचायला लागतात, हा माझा सॉफ्टवेअरमधला अनुभव आहे.

पण बँक म्हणजे सगळं नव्हे. ज्यांच्याकडे गमवायला थोडं असतं त्यांची अडचण वेगळीच. 'लाडकी बहीण'ची ई-केवायसी आठवतेय? २०२५ च्या सप्टेंबरमध्ये सुरू झाली. बाईने स्वतःचा आधार नंबर टाकायचा, ओटीपी टाकायचा. इथवर ठीक. पुढे पतीचा किंवा वडिलांचा आधार नंबर आणि त्यांचाही ओटीपी. पंधराशे रुपयांसाठी. आता ज्या घरात फोन एकच आहे, आणि तो नवऱ्याबरोबर चाकणला कामावर गेलाय, तिथे काय करायचं? ज्याचा आधारला जोडलेला नंबर केव्हाच बंद पडलाय त्याने? आणि ज्या बाईचा नवराही नाही आणि वडीलही नाहीत तिने? ज्याने ते पान बनवलं तो माझ्यासारखाच कुणीतरी असणार, एसीत बसलेला, खिशात दोन सिमचा फोन. त्याच्या डोळ्यांसमोर माणूस म्हणजे एक फोन, एक नंबर, कायम रेंज. राज्यभरातून ओरड झाली. साइटवर ओटीपीच येत नाही हेही खात्याच्या मंत्र्यांनी मान्य केलं. मुदत वाढत वाढत ३१ डिसेंबर २०२५ वर गेली.

त्यात शेवटी निघालेला मार्ग मात्र मला फार शहाणपणाचा वाटला. ज्यांचे पती किंवा वडील हयात नाहीत, किंवा घटस्फोट झालाय, त्यांनी स्वतःपुरती ई-केवायसी करायची आणि कागदपत्रांची प्रत अंगणवाडी सेविकेकडे द्यायची. म्हणजे यंत्र थकलं तिथे माणूस उभा केला. आम्ही इंजिनियर लोक ज्याला 'रिकव्हरी'चा मार्ग म्हणतो आणि सगळ्यात शेवटी, घाईत, शुक्रवारी संध्याकाळी लिहितो, तो इथे अंगणवाडीच्या ताईच्या रूपात होता. तिला गावातलं प्रत्येक घर माहीत असतं. कुणाचा नवरा कधी गेला हे तिला सर्टिफिकेट न बघता ठाऊक असतं. असा घटक कुठल्याही गणितातून निघत नाही. फक्त तो पहिल्या दिवशी द्यायला हवा होता, तीन महिने बायकांना रांगेत उभं करून नव्हे.

सक्ती करणाऱ्याने किमान एवढं तरी करावं, असं माझं म्हणणं आहे. कुलूप सक्तीचं करा, पण किल्ली हरवली तर कुठे जायचं तेही दारावरच लिहा. आणि त्या जागी माणूस असू द्या, "आपला कॉल आमच्यासाठी महत्त्वाचा आहे"वाली बाई नको. पासकीचं बोलायचं तर ती फसव्या साइटवर चालतच नाही, त्यामुळे वाचून दाखवायचा प्रश्नच मिटतो. २०२२ पासून ॲपल, गुगल, मायक्रोसॉफ्ट तिघेही तिच्यामागे लागलेत आणि माझी सगळी महत्त्वाची खाती मी त्यावर नेलीत. पण तिलाही स्वतःचा, लॉक लावलेला फोन लागतो. घरात फोनच एक असेल तर पासकी कुणाच्या बोटाची?

असो. तेवढं होईतो जे हातात आहे ते केलं. आईच्या आणि आत्याच्या ईमेलला ॲप बसवलं, आणि फोन हरवला तर लागणारे दहा राखीव कोड कागदावर छापून सातबारा आणि रेशनकार्डाच्या फाइलमध्ये ठेवले. (संगणक सुरक्षेवरचे पेपर काहीही म्हणोत, आमच्या घरात त्या फाइलला हात लावायची कुणाची टाप नाही.) तात्यांचा नंबर त्यांच्या फॉर्मवर परत बदलून दिला. हिशेबाच्या पोराला त्याचं स्वतःचं लॉगिन झालं, ट्रक वेळेवर निघतात. काकांनीही हौसेने स्वतःच्या फोनवर ते शील्ड ॲप टाकून घेतलंय. आता त्यांची तक्रार अशी आहे, की तीस सेकंदांत चष्मा सापडत नाही, तेव्हा तुमच्या लोकांना सांगून ते जरा मिनिटाचं करता येतं का बघ.